माता-बालकांचा तारणहार

मुलांनो, गाव नांदूरघाट असो की मुंबई, बाळंतिणीला व तान्ह्या बाळाला हात लावण्यापूर्वी डॉक्टर आपले हात स्वच्छ धुतात. नवजात बाळाला मेंदूज्वर झाला, तर त्याचे जंतू आले कोठून, याचाही ते शोध घेतात. पण जंतूंमुळे रोग होतात हे ठाऊक नव्हते, त्या काळात एका डॉक्टरने असाच शोध घेतला. त्यांचे नाव इग्नाझ सेमेलवाइस.

त्यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा शहरात झाला. १८४६ साली ते व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात नोकरीस लागले. तेथे प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, तर दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात शंभरांपैकी सुमारे दहा बाळंतिणी तापाने मरत. दुसऱ्यात सुमारे चारच मरत. कित्येक नवजात बाळेही त्याच तापाने दगावत. असे का व्हावे? सेमेलवाइस यांना चैन पडेना.

मार्च १८४७ मध्ये त्यांचे मित्र डॉ. कोलेच्का वारले. प्रेत तपासताना एका विद्यार्थ्याच्या सुरीने त्यांच्या बोटाला जखम झाली होती. मृत्यूनंतर पाहिले, तर मेंदूच्या आवरणालाही सूज आलेली होती. बाळंतिणी व बाळे ज्या रोगाने मरत, तोच हा रोग होता!

सेमेलवाइस यांच्या ध्यानात सारे आले. डॉक्टर व विद्यार्थी प्रेते तपासून तसेच बाळंतिणींकडे येत. सुइणी प्रेते तपासत नसत. रोग हातांतून येत होता, आणि त्यांत सेमेलवाइस यांचे स्वतःचे हातही होते. त्यांनी हे लपवले नाही.

मे १८४७ पासून त्यांनी सर्वांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरांपैकी अठरा बाळंतिणी मेल्या होत्या. जुलैमध्ये जेमतेम एक!

तरीही अनेक मोठ्या डॉक्टरांना हे पटले नाही. आपल्याच हातांनी रोगी मरतात, हे त्यांना कसे आवडणार? सेमेलवाइस यांची नोकरी गेली. ते मायदेशी परतले. तेथेही हात धुण्याचा नियम लावून त्यांनी अनेक मातांचे प्राण वाचवले. १८६१ साली त्यांनी आपल्या शोधावर ग्रंथ लिहिला. १३ ऑगस्ट १८६५ रोजी व्हिएन्नाजवळ मनोरुग्णालयात त्यांचा अंत झाला. पुढे १८७९ मध्ये लुई पाश्चर यांनी या तापाचे जंतू दाखवून दिले.

मुलांनो, दोष शोधताना आपलेही हात तपासायला धैर्य लागते. ते सेमेलवाइस यांच्यापाशी होते.