नारायण नागू पाटील

मुलांनो, भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर शेती होते, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. हॉलंड देशात अशी शेती आहे, हे तुम्ही भूगोलात वाचले असेल. पण ती पाहायला इतक्या दूर जायला नको. आपल्या रायगड जिल्ह्यात, अलिबाग आणि पेण या तालुक्यांत खाडीकाठी अशीच जमीन आहे. तिला खारेपाट म्हणतात.

ही जमीन माणसांनी समुद्राकडून मिळवली आहे. शेतकऱ्यांनी चिखलमातीचे लांब बांध घालून भरतीचे पाणी अडवले. बांधात ठिकठिकाणी उघड्या, म्हणजे लाकडी दारे बसवली. भरतीच्या दाबाने दार बंद होते. ओहोटी लागली की ते उघडते आणि पावसाचे पाणी बाहेर जाते. बांधाला खेकड्याचे एक बीळ पडले, तरी ते वाढत जाऊन बांध फुटू शकतो. खारे पाणी एकदा शेतात शिरले, की पुढची काही वर्षे भाताचे चांगले पीक येत नाही. म्हणून बांध राखायला सारा गाव एकत्र येई.

पण पीक कोणाचे? ब्रिटिशांच्या काळात या भागात खोतांचा अंमल होता. कुळे राबत, बांध सांभाळत आणि पिकाचा मोठा वाटा मात्र खोताच्या घरी जाई. शिवाय कुळांना वेठबिगारही करावी लागे.

हा अन्याय नारायण नागू पाटील यांना पाहवला नाही. ते आगरी समाजातले होते. गावोगाव फिरून त्यांनी कुळांना संघटित केले. 27 ऑक्टोबर 1933 रोजी अलिबाग तालुक्यातील चरी या गावी शेतकऱ्यांची मोठी सभा झाली. खोतांची जमीन कसायची नाही, असे तेथे ठरले. पंचवीस गावे या संपात उतरली.

विचार करा, शेत पडीक ठेवणे म्हणजे आपलेच पोट उपाशी ठेवणे! मिळेल ते काम करून लोकांनी दिवस काढले. जसे एका बिळाने बांध फुटतो, तसा एका नांगराने संप फुटला असता. पण बांध राखण्याची सवय असलेल्या लोकांनी आपली एकीही राखली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चरीला येऊन शेतकऱ्यांना पाठिंबा दिला. सन 1937 मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. त्याच वर्षी शेतकऱ्यांची बाजू मांडण्यासाठी पाटील यांनी 'कृषीवल' हे वृत्तपत्र सुरू केले. पुढे महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनीही या प्रश्नात लक्ष घातले.

अखेर सन 1939 मध्ये, सहा वर्षांनी, संप मिटला. त्याच वर्षी कुळांना संरक्षण देणारा कायदा संमत झाला. सन 1948 मध्ये नवा कूळकायदा आला. खारजमिनींच्या रक्षणासाठीही त्याच वर्षी वेगळा कायदा झाला. सन 1949 मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला.

मुलांनो, कधी खारेपाटातून गेलात, तर त्या बांधांकडे नीट पाहा. समुद्राला अडवणारे हात साधे शेतकऱ्यांचेच होते. त्याच हातांना अन्यायही अडवता येतो, हे नारायण नागू पाटील यांनी त्यांना दाखवून दिले.