ऑगस्ट बिअर

घरातील आजीने किंवा आजोबांनी न्हाणीघरात पाय घसरून पडावे, खुब्याचे हाड मोडावे, आणि पाठीतून भूल द्यावी लागेल असे डॉक्टरांनी सांगताच घरच्या मंडळींच्या तोंडचे पाणी पळावे, हा प्रसंग आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी घडला असेल. ही रीत ज्यांनी प्रचारात आणली व जिची परीक्षा स्वतःच्या देहावरही घेतली, त्या जर्मन शस्त्रवैद्याचे चरित्र आम्ही येथे देत आहो.

ऑगस्ट बिअर ह्यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८६१ रोजी जर्मनीतील वाल्डेक संस्थानात हेल्सेन ह्या गावी झाला. बर्लिन, लाइपझिग व कील येथे वैद्यकाचा अभ्यास करून ते कील येथेच सुप्रसिद्ध शस्त्रवैद्य एस्मार्क ह्यांचे साहाय्यक झाले. त्या काळी मोठी शस्त्रक्रिया म्हटली की क्लोरोफॉर्म किंवा ईथर हुंगवून रोग्यास बेशुद्ध करावयाचे. त्यात दुर्बळ माणसाच्या जिवास धोका असे. शस्त्र चालावयाचे पायावर, आणि निजवावयाचा मात्र मेंदू, असा तो द्राविडी प्राणायाम होता.

१८८४ साली कोलर ह्यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखविला होता. १८९१ साली कील येथील क्विंके ह्यांनी कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून कण्यातील द्रव काढण्याची रीत सांगितली होती. बिअर ह्यांनी ह्या दोहोंची सांगड घातली. न्यूयॉर्कच्या कॉर्निंग ह्यांनी १८८५ सालीच मणक्यांच्या मध्ये कोकेन टोचून पाहिले होते, व त्यावरून पुढे अग्रमानाचा वाद माजला. परंतु शस्त्रक्रियेसाठी ती रीत प्रत्यक्ष योजिली ती बिअर ह्यांनीच.

तो दिवस १६ ऑगस्ट १८९८ चा. रोगी चौतीस वर्षांचा मजूर होता. त्याच्या घोट्यास क्षयाची बाधा झाली होती, आणि पूर्वीच्या बेशुद्धीचा त्याने फार त्रास भोगला होता. पंधरा मिलिग्रॅम कोकेन कण्यात सोडताच पाय बधिर झाला आणि शस्त्रक्रिया वेदनेवाचून पार पडली. पुढे आणखी काही रोग्यांवर हाच प्रयोग झाला. पण मागाहून वांत्या व डोकेदुखी होई. ती का होते हे रोग्यांवर पाहत बसण्यापेक्षा आपणच भोगून पाहावे, असे बिअर ह्यांनी ठरविले.

२४ ऑगस्ट रोजी त्यांचा साहाय्यक हिल्डेब्रांट ह्याने त्यांच्या पाठीत सुई घातली. सुई नीट बसली, परंतु पिचकारीचे तोंड तिला जुळेना! कण्यातील द्रव ठिबकत राहिला, औषध बाहेर सांडले, आणि प्रयोग फसला. तेव्हा हिल्डेब्रांट स्वतः पुढे झाला. बिअर ह्यांनी त्याच्या कण्यात अवघे पाच मिलिग्रॅम कोकेन सोडले. थोड्याच वेळात त्याच्या मांडीत हाडापर्यंत सुई खुपसली, तरी दुखले नाही. पेटता चिरूट पायास लावला, तर ऊब जाणवली पण वेदना नाही. तेवीस मिनिटांनी नडगीवर लोखंडी हातोडा मारला, तोही त्यास सोसला. पाऊण तासाने संवेदना परतली. मग दोघांनी मद्य व चिरूट घेऊन आनंद साजरा केला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची किंमत मोजली. बिअर उठून बसले की डोके असह्य दुखे, आडवे झाले की थांबे; नऊ दिवस ते अंथरुणास खिळले होते. द्रव गळून गेल्यामुळे असे होत असावे, हा त्यांचा तर्क बरोबर ठरला. कोकेनपेक्षा निर्धोक औषध मिळेपर्यंत ह्या रीतीचा सर्रास वापर करण्यास ते राजी नव्हते. हा संयम आम्हांस त्या प्रयोगाहूनही मोठा वाटतो.

पुढे नोवोकेन आले. आज बहुधा ब्युपिव्हाकेन देतात. सुया इतक्या बारीक झाल्या आहेत की डोकेदुखी क्वचितच होते, व वृद्धांस ती तरुणांहून कमी होते. वृद्धांचा खरा धोका रक्तदाब उतरण्याचा. म्हणून औषधाची मात्रा कमी ठेवतात. किंवा द्राक्षशर्करा मिसळलेले जड औषध देऊन रोग्यास मोडक्या बाजूवर निजवतात, म्हणजे ते खाली बसून मुख्यतः तोच पाय बधिर करते. किंवा बारीक नळी ठेवून थोडेथोडे देतात. रक्त पातळ ठेवण्याची औषधे चालू असल्यास हे आधी सांगितलेच पाहिजे, नाहीतर कण्यात रक्तस्राव होण्याची भीती असते. पूर्ण बेशुद्धीही आता पूर्वीसारखी घातक राहिलेली नाही. अमेरिका व कॅनडा येथे खुबा मोडलेल्या १,६०० रोग्यांवर झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत, साठ दिवसांनी जिवंत असणे व चालता येणे ह्या बाबतीत दोन्ही रीतींत लक्षणीय फरक आढळला नाही. तेव्हा अमुकच द्या असा हट्ट न धरता डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे.

बिअर १९०७ साली बर्लिनला प्राध्यापक झाले. १९०८ साली त्यांनी हात बांधून शिरेतून औषध देण्याची रीत काढली. ती आजही त्यांच्या नावाने ओळखतात. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या जखमा पाहून पोलादी शिरस्त्राणाच्या कामी त्यांनी साहाय्य केले. १९३७ साली नाझी राजवटीने दिलेले पारितोषिक त्यांनी स्वीकारले, हेही चरित्रकाराने लपवू नये. उतारवयात त्यांचे मन झाउएन येथील रानात रमले. १९१२ साली घेतलेल्या त्या रेताड जमिनीत नुसते पाइन वृक्ष होते. तेथे त्यांनी नाना जातींची पानझडी झाडे लावून मिश्र वन वाढविले. तेथेच १२ मार्च १९४९ रोजी ते वारले.