पत्रकार जी. सुब्रह्मण्य अय्यर

तंजावर जिल्ह्यातील तिरुवाडी येथे १८५५ साली जन्मलेले जी. सुब्रह्मण्य अय्यर हे पेशाने शिक्षक. १८७८ साली पाच मित्रांसह उसन्या पैशांवर त्यांनी मद्रासेत ‘द हिंदू’ साप्ताहिक काढले. पहिल्या अंकाच्या प्रती अवघ्या ८० होत्या! पुढे इंग्रजी न जाणणाऱ्यांसाठी ‘स्वदेशमित्रन्’ हे तमिळ पत्रही त्यांनी सुरू केले.

शेतसारा, मिठावरील कर, दुष्काळ आणि बुडालेले देशी धंदे हे त्यांच्या लेखणीचे विषय होत. सरकारी हिशेबातील रूक्ष आकड्यांचा रयतेच्या चुलीशी काय संबंध, हे ते उलगडून दाखवीत. १८९७ साली लंडनमध्ये वेल्बी कमिशनपुढे आपले गोखले व वाच्छा यांच्याप्रमाणेच त्यांचीही साक्ष झाली. ब्रिटिश अमदानीच्या आर्थिक बाजूंवरील त्यांचा ग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध झाला.

परंतु ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १८८९ साली राष्ट्रसभेचे अधिवेशन मुंबईस भरले असता त्यांनी आपल्या बालविधवा कन्येचा पुनर्विवाह तेथेच लावून दिला. त्याबद्दल ज्ञातीने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. सरकारशी भांडण्यापेक्षा हे कठीण, असे मला तरी वाटते. सुब्रह्मण्य अय्यर मात्र डगमगले नाहीत.

१८९८ साली त्यांनी ‘हिंदू’ सोडले व सारे लक्ष ‘स्वदेशमित्रन्’कडे वळविले. १९०८ साली त्यातील लेखांबद्दल राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. पुढे प्रकृती ढासळली आणि एप्रिल १९१६ मध्ये त्यांचे देहावसान झाले.