चित्रकार व्हायला निघालेला शास्त्रज्ञ

आपल्या किहीमला १९३० साली सालिम अली सुगरण पक्ष्याचे खोपे निरखीत बसत. नर खोपा अर्धा विणतो, मादीने तो पसंत केला की मग पुरा करतो, हे त्यांनी येथेच पाहिले. त्या खोप्यातील अंड्याच्या आतही एक विणकाम चाललेले असते. पिलाच्या मज्जारज्जूतून निघालेले चेतातंतू पंखांच्या आणि पायांच्या स्नायूंपर्यंत वाट काढीत जातात. अशा वाढत्या तंतूचे टोक प्रथम ओळखले ते सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी त्याचे चरित्र वाचावे, कारण त्याला चित्रकार व्हायचे होते.

काहालचा जन्म १ मे १८५२ रोजी एका डोंगरी खेड्यात झाला. वडील शल्यवैद्य, चित्रकलेवर त्यांचा राग. मुलगा उनाड निघाला म्हणून त्यांनी त्याला कधी न्हाव्याकडे, कधी जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवले. शेवटी त्यांनी एक युक्ती केली. मुलाला जुन्या दफनभूमीत नेले, हाडे गोळा केली आणि त्यांचीच चित्रे काढायला बसवले. हाडे रेखाटता रेखाटता मुलाला शरीरशास्त्राची गोडी लागली. १८७३ साली तो डॉक्टर झाला, सैन्याबरोबर क्यूबाला गेला आणि हिवतापाने खंगून परतला.

१८८७ साली त्याला इटलीच्या कॅमिलो गॉल्जीची पद्धत पाहायला मिळाली. चांदीच्या क्षाराने मोजक्याच चेतापेशी काळ्या होतात, पण त्या संपूर्ण दिसतात. प्रौढ प्राण्याच्या मेंदूतील गुंता उलगडेना, तेव्हा काहालने कोंबडीच्या अंड्यातील गर्भ निवडला. तेथे तंतूंवर अजून वेष्टण चढलेले नसते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे आणि हाताने रेखाटावे, हा त्याचा नित्यक्रम झाला. मज्जासंस्था म्हणजे एक सलग जाळे, असे त्या काळी बहुतेक मानीत. काहालची चित्रे सांगत होती की प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे. १८८९ साली बर्लिनच्या परिषदेत त्याने आपले नमुने दाखवले आणि थोर शास्त्रज्ञ कोलिकर यांना ते पटले. पुढच्याच वर्षी त्याने वाढत्या तंतूच्या टोकाला असलेला शंकू वर्णिला. हा शंकू रासायनिक खुणांच्या आधारे वाट शोधत असावा, असा तर्कही त्याने पुढे मांडला. १९०६ चे नोबेल पारितोषिक त्याला गॉल्जीबरोबर विभागून मिळाले. पण गॉल्जीने स्वीकारभाषणातही सलग जाळ्याचाच पक्ष घेतला. काहाल १९३४ साली माद्रिद येथे वारला.

त्या खुणांपैकी काही पुढे हाती लागल्या. १९७० नंतरच्या दशकात जेराल्ड एडेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या गर्भातूनच पेशींना एकमेकींशी चिकटवणारा एक रेणू वेगळा केला. स्नायूंच्या कोवळ्या पेशी जुळून लांब तंतू बनतात, तेव्हा असे रेणू त्यांच्या पृष्ठभागावर असतात. चेतातंतू येऊन भिडला की हा रेणू स्नायूवरून बहुतांशी ओसरतो, सांध्यापाशी मात्र राहतो. चेतातंतू तुटला तर तो स्नायूवर पुन्हा पसरतो, जणू सोडून गेलेल्याची वाट पाहावी तसा.

काहालची हजारो रेखाटने आजही अभ्यासली जातात. वडिलांनी मुलाला कुंचल्यापासून तोडायचे ठरवले होते. पण त्याला शास्त्राकडे घेऊन गेला तो त्याचा चित्रे काढणारा हातच.