विश्लेषण : नदीखोऱ्यातील गाळ मोजून हिमयुगाचे कॅलेंडर मांडणारे जेरार्ड डी गीर कोण होते?

शेवटचे हिमयुग नेमके किती वर्षांपूर्वी संपले, हे सांगण्याचे खात्रीचे साधन एकोणिसाव्या शतकात कोणाकडेही नव्हते. कार्बन कालमापनाची पद्धत १९४० च्या दशकाच्या अखेरीस आली. त्याच्या कितीतरी आधी एका स्वीडिश भूवैज्ञानिकाने चिकणमातीचे थर एकेक करून मोजले आणि हजारो वर्षांचा हिशेब मांडला. त्या हिशेबात काय बरोबर होते आणि काय चुकले, याचा हा आढावा.

राजकारणाच्या घरातला भूवैज्ञानिक

जेरार्ड डी गीर यांचा जन्म १८५८ मध्ये स्टॉकहोम येथे झाला. वडील लुई डी गीर हे स्वीडनचे पहिले पंतप्रधान, तर थोरले बंधू १९२० मध्ये त्याच पदावर बसले. जेरार्ड यांनीही काही वर्षे संसदेत काम केले, पण त्यांचा जीव रमला तो खडक आणि मातीत. १८७८ मध्ये ते स्वीडनच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात दाखल झाले. १८९७ मध्ये स्टॉकहोमच्या उच्च शिक्षणसंस्थेत प्राध्यापक आणि पुढे तिथलेच प्रमुख झाले.

सर्वेक्षणाच्या सुरुवातीच्या दिवसांतच त्यांचे लक्ष स्टॉकहोम परिसरातील चिकणमातीकडे गेले. खणलेल्या भिंतीवर फिकट आणि गडद पट्टे आलटून पालटून दिसत. झाडाच्या बुंध्यातील वलयांप्रमाणे हे पट्टेही वर्षागणिक पडत असावेत, असे त्यांना वाटले.

थर पडतात कसे?

उन्हाळ्यात हिमनदी वितळते. तिचे पाणी वाळू आणि बारीक रेती घेऊन समोरच्या तळ्यात किंवा समुद्रात उतरते आणि फिकट, जाडसर थर बसतो. हिवाळ्यात पाणी गोठते, प्रवाह थांबतो. पाण्यात तरंगत राहिलेली अतिसूक्ष्म माती सावकाश तळाशी बसते आणि त्यावर गडद, पातळ थर तयार होतो. अशी एक जोडी म्हणजे एक वर्ष. या जोडीला स्वीडिश भाषेत ‘वार्व’ म्हणतात. हाच शब्द आज जगभरच्या भूविज्ञानात रूढ आहे.

हिमस्तर दरवर्षी उत्तरेकडे मागे सरकत होता. त्यामुळे प्रत्येक नव्या वर्षाचा थर आदल्या वर्षापेक्षा थोडा अधिक उत्तरेपर्यंत पोहोचे. घरावरची कौले एकमेकांवर चढत जावीत, तशी ही रचना. दक्षिणेकडून उत्तरेकडे मोजत गेले की हिमस्तर कोणत्या वर्षी कुठे होता, हे कळते.

मोजणी कशी झाली?

थराची जाडी दरवर्षी सारखी नसते. कडक उन्हाळ्यात जास्त बर्फ वितळते आणि थर जाड होतो, थंड वर्षी तो पातळ राहतो. हा जाड-पातळ क्रम दोन ठिकाणी जुळला, तर ती वर्षेही एकच मानता येतात. १९०४ मध्ये अशी जुळणी साधल्यावर डी गीर यांनी १९०५ च्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांचा गट कामाला लावला. कापलेल्या मातीवर कागदाची पट्टी धरायची, प्रत्येक थराची सीमा पेन्सिलने टिपायची आणि पुढच्या ठिकाणी जायचे. सुमारे २०० किलोमीटरच्या पट्ट्यात हे काम झाले. १९१० मध्ये स्टॉकहोमला भरलेल्या आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषदेत त्यांनी गेल्या १२ हजार वर्षांचा कालक्रम मांडला.

रिकाम्या झालेल्या तळ्याचा उपयोग काय?

मोठा प्रश्न शिल्लक होता. हिमयुगाच्या शेवटची ही साखळी वर्तमानाशी जोडायची कशी? त्यासाठी डी गीर इंडाल नदीच्या खोऱ्यात गेले. लाकडाचे ओंडके धबधब्यावरून आदळून फुटू नयेत, म्हणून तिथे मॅग्नस हुस या व्यापाऱ्याने बाजूने कालवा खणायला घेतला होता. १७९६ च्या जूनमध्ये पुराच्या पाण्याने कालवा फोडला आणि रागुंडा हे भलेमोठे तळे काही तासांत रिकामे झाले. धबधबा कायमचा कोरडा पडला. वाहून गेलेल्या गाळाने नदीच्या मुखाशी नवा त्रिभुज प्रदेश उभा केला.

तळ्याचा तळ मात्र उघडा पडला. वरचा थर नेमका १७९६ चा, म्हणजे मोजणीला पक्की तारीख मिळाली. पण तिथले वरचे थर पुरेसे स्पष्ट नव्हते. हे काम अधिक नेटकेपणे केले ते डी गीर यांचे विद्यार्थी रागनार लिडेन यांनी, शेजारच्या ओंगरमान नदीच्या खोऱ्यात. बर्फाचे ओझे उतरल्यापासून हा किनारा वर उचलला जात आहे. आजही तो वर्षाला सुमारे ८ मिलिमीटर वर येतो. त्यामुळे जुना समुद्रतळ जमिनीवर आला, नदीने तो कापला आणि हजारो वर्षांचे थर काठावर उघडे पडले.

चूक कुठे झाली?

यशानंतर डी गीर यांनी मोठी झेप घेतली. १९२० मध्ये ते पत्नी एब्बा, लिडेन आणि अर्न्स्ट आंतेव्ह्स यांच्यासह उत्तर अमेरिकेत गेले. तिथले, पुढे थेट हिमालयातलेही थर त्यांनी स्वीडनच्या थरांशी वर्षावर्षाने जुळवले. सूर्याच्या उष्णतेतील चढउतार सगळीकडे सारखेच उमटतात, असे ते मानत. पण हजारो किलोमीटर अंतरावरचे उन्हाळे सारखे नसतात. नुसत्या आलेखांचे साम्य योगायोगानेही दिसू शकते. अमेरिकेतच थांबून कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातील थर मोजणारे आंतेव्ह्स स्वतः या जुळणीचे टीकाकार बनले. ही कल्पना पुढे विज्ञानाने नाकारली.

आज महत्त्व काय?

डी गीर १९४३ मध्ये वारले. त्यांची मूळ पद्धत मात्र टिकली. १९८० च्या दशकात इंगेमार काटो यांनी ओंगरमान नदीच्या मुखाशी पाण्याखालचे थर काढून साखळी वर्तमानाशी जोडली, तेव्हा जुन्या हिशेबात साडेतीनशेहून अधिक वर्षांची भर घालावी लागली. साखळीच्या जुन्या भागात अजूनही काही शतके निसटली असल्याचे मानले जाते. तरीही हिमस्तर किती वेगाने मागे हटू शकतो, हे वर्षागणिक सांगणाऱ्या मोजक्या नोंदींपैकी ही एक आहे. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचे बर्फ वितळत असताना या नोंदीचे मोल वाढले आहे. शेजारच्या दोन खड्ड्यांतील थर जुळवताना डी गीर अचूक ठरले, दोन खंड जुळवताना फसले. पुरावा कुठपर्यंत ताणावा, याचा धडाही त्यांच्याच कामातून मिळतो.