सेझार फ्रँक : सेंत-क्लोतिल्दचे ऑर्गनवादक



लग्नाच्या मिस्सेत कम्युनियनच्या वेळी आपला गायनवृंद 'पानिस अँजेलिकस' गातो. शब्द संत थॉमस अक्वायनस यांचे. (सेमिनरीत आम्ही थॉमस वाचले ते परीक्षेपुरते, हे गीत मात्र पाठ राहिले.) चाल सेझार फ्रँक यांची, 1872 सालची. मूळ रचनेत साथीला ऑर्गन, हार्प, चेलो आणि डबल बास आहेत. आपण कीबोर्डवर भागवतो.

फ्रँक यांचा जन्म 10 डिसेंबर 1822 रोजी आज बेल्जियममध्ये असलेल्या लीएज शहरात झाला. मुलाने पियानोवर नाव आणि पैसा मिळवावा, हा वडिलांचा हट्ट. तो पुरा झाला नाही. पुढे मुलाने घर सोडले. 22 फेब्रुवारी 1848 रोजी पॅरिसमध्ये त्यांचे लग्न झाले. त्याच दिवशी क्रांती पेटल्यामुळे वऱ्हाडाला रस्त्यातले अडथळे ओलांडून चर्चला जावे लागले!

1858 साली ते सेंत-क्लोतिल्द चर्चचे ऑर्गनवादक झाले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. दुसऱ्याच वर्षी तिथे काव्हाये-कोल या नामांकित कारागिराचा नवा ऑर्गन आला. ऑर्गनला खेचायच्या खुंट्या असतात, त्यांना स्टॉप म्हणतात. एक ओढला की बासरीसारखा नाद येतो, दुसरा ओढला की ओबोसारखा, तिसऱ्याने तुतारीसारखा. दोन एकदम ओढले तर कानाला दोन नाद वेगळे ऐकू येत नाहीत. तिसराच एक आवाज जन्मतो. ॲरिस्टॉटलने म्हटले आहे की 'बा' हे अक्षर म्हणजे नुसते 'ब्' आणि 'आ' नव्हे, तसेच हे. ही मिसळण फ्रँक यांनी तीस वर्षे रविवारमागून रविवार कानांनी तपासली.

तीच त्यांनी वाद्यवृंदात आणली. त्यांची सिंफनी 17 फेब्रुवारी 1889 रोजी पॅरिसला वाजली, तेव्हा ते 66 वर्षांचे होते. तिच्या मधल्या भागात हार्प वाजते आणि व्हायोलिनवाले गज बाजूला ठेवून तारा बोटांनी छेडतात. त्यावर इंग्लिश हॉर्न गाऊ लागते. (नावावर जाऊ नका, हे ओबोचेच थोरले भावंड.) पुढे त्याच सुरावटीत क्लॅरिनेट आणि पितळी हॉर्न मिसळतात. इथे नीट कान द्या : कोण कधी आले ते कळत नाही, फक्त आवाज गोल आणि ऊबदार होतो.

विद्वानांना ते रुचले नाही. सिंफनीत इंग्लिश हॉर्न कुठे असते का, असा आक्षेप निघाला. हायडन यांनी 1764 मध्येच एका सिंफनीत दोन घातली होती, पण हे कोणी आठवले नाही. दुसरा आक्षेप असा की हा गृहस्थ वाद्यवृंदाला ऑर्गन समजतो. यात थोडे तथ्य आहे. सगळी वाद्ये एकदम वाजतात त्या जागा मलाही जड वाटतात. शिष्याने लिहिले आहे की त्या दिवशी घरच्यांनी विचारल्यावर फ्रँक यांनी टाळ्यांचा विषयच काढला नाही. मनात ऐकले होते तसेच वाजले, एवढ्यावर ते खूश होते.

1890 साली त्यांना वाहनाचा अपघात झाला. त्यानंतर त्यांनी ऑर्गनसाठी तीन कोराल पुरे केले. 8 नोव्हेंबरला ते वारले. आपल्या ऑर्गन-रचनांत कुठे कोणता स्टॉप ओढायचा, हे ते लिहून ठेवत. वेगळ्या बांधणीच्या ऑर्गनवर बसलेले वादक तोच रंग आजही शोधत असतात.