प्रथिनांची खतावणी

आम्ही वाणिज्य शाखेची मुले कीर्द-खतावणीत डोके घालून बसतो, म्हणून शास्त्र शाखेची मंडळी आम्हांला कारकून म्हणतात. त्यांना मी मार्गारेट डेहॉफ या बाईंचे नाव सांगते.

जन्म १९२५, अमेरिकेतील फिलाडेल्फिया. कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी. करताना रेणूंच्या ऊर्जेची किचकट गणिते त्यांनी छिद्रित कार्डांच्या यंत्रांवर सोडविली. ही यंत्रे मुळात कचेऱ्यांतील हिशेबाची! पुढे लग्न, दोन मुली, मग पुन्हा संशोधन.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. प्रयोगशाळेत ती तुकड्यातुकड्यांनी वाचावी लागे. ते तुकडे जुळवून मूळ माळ शोधण्याची रीत त्यांनी व रॉबर्ट लेडली यांनी १९६२ मध्ये संगणकाला शिकविली. १९६५ मध्ये डेहॉफबाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ प्रथिनांचे क्रम एका पुस्तकात छापले. जागा वाचावी म्हणून प्रत्येक आम्लाला त्यांनी एकच अक्षर दिले. दोन प्राण्यांतील एकाच प्रथिनाच्या नोंदी शेजारी मांडल्या, की फरक मोजता येतो आणि नाते कळते. आमच्या भाषेत, ताळा घेता येतो. १९७८ मध्ये त्यांनी ७१ गटांतील १५७२ बदल मोजून कोष्टक केले: कोणत्या आम्लाच्या जागी कोणते किती सहज येते.

मात्र या कष्टांचे चीज लवकर झाले नाही. अनुदान अपुरे, म्हणून संग्रह विकून खर्च भागवावा लागे. तर इतरांनी शोधलेले क्रम ह्या विकतात, अशी संशोधकांची कुरबुर. मला ती अन्यायाची वाटते. जमवणे, तपासणे, चूक काढणे हे काय फुकट होते? १९८० मध्ये दूरध्वनीच्या तारेवरून संग्रह पाहण्याची सोयही त्यांनीच केली. तरी १९८२ मध्ये जनुकक्रमांच्या राष्ट्रीय संग्रहाचे सरकारी काम लॉस अलामोसच्या गटाकडे गेले. ५ फेब्रुवारी १९८३ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, हृदयविकाराने बाई गेल्या.

त्यांचा संग्रह २००२ मध्ये युनिप्रॉट या मोठ्या संग्रहात सामील झाला. आज संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक प्रथिन एक ठिपका होतो, साम्य असलेल्या ठिपक्यांमध्ये रेघ येते आणि मोठे जाळे उभे राहते. ठिपक्यावर टिचकी मारली की त्याची नोंद उघडते. रेघ ओढावी की नाही, हे साम्याच्या गुणांवर ठरते. त्यासाठी आता बहुधा १९९२ सालचे दुसरे कोष्टक वापरतात. पण आम्लाआम्लांची अदलाबदल मोजून गुण द्यायची पद्धत डेहॉफबाईंनी घालून दिलेली आहे.